शेवट पाठ असूनही धडधड का होते?

रातवा
काल हिचकॉकचा 'रोप' (१९४८) चौथ्यांदा पाहिला. खून कोणी केला ते सुरुवातीलाच दाखवतात, पुढचंही सगळं मला पाठ आहे. तरी घरकाम करणारी बाई पेटीवरच्या ताटल्या उचलायला लागली आणि माझे हात गार पडले. याउलट अलीकडचे कितीतरी थ्रिलर एकदा रहस्य कळलं की पुन्हा बघवत नाहीत. रहस्य संपल्यावरही जो ताण उरतो तो कशामुळे? कथेमुळे, की दिग्दर्शनामुळे?

कात्री
दिग्दर्शनामुळे. तुम्ही सांगितलेला प्रसंगच घेऊ. मी संकलन करतो, आणि हा प्रसंग एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून, असा कितीदा तरी तपासला आहे.

पेटीत खून झालेल्या डेव्हिडचं प्रेत, पेटीवर जेवण मांडलेलं, पाहुण्यांत त्याचे वडील. डेव्हिड अजून कसा आला नाही, याची चर्चा चालली आहे, पण बोलणारे बहुतेक चौकटीबाहेर. कॅमेरा एका जागी खिळलेला. पुढे पेटी, मागे स्वयंपाकघराकडे जाणारी सरळ वाट. घरकाम करणारी मिसेस विल्सन ताटल्या नेते, परत येते. मेणबत्त्या नेते, परत येते. टेबलक्लॉथ काढते. मग पुस्तकं आणायला लागते, कारण त्यांची जागा पेटीत. तिला कसलीच घाई नाही. आपण मात्र दर फेरीला मोजत असतो, आता पेटीवर काय उरलं?

दहा वर्षांपूर्वी मी इथे खुन्याचा घामेजलेला चेहरा टाकला असता, मग पेटीचं झाकण, मग पुन्हा चेहरा. एका लघुपटात अगदी हेच केलं होतं आणि प्रसंग मेला. चेहरा दिसला की प्रेक्षकाला दिलासा मिळतो, की याचं लक्ष आहे, हा अडवेल. हिचकॉक पेटीकडे कोणाचं लक्ष आहे का, हेच कळू देत नाही. भरल्या घरात आपण एकटेच जागे, आणि त्या बाईला हाक मारायची सोय नाही. ही तगमग चौथ्यांदाही तेवढीच होणार, कारण मुळात ती आपल्याला ठाऊक असण्यातूनच येते.

फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. न सांगता फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधी सांगितला तर पंधरा मिनिटांचा ताण. पण बॉम्ब दाखवून झाल्यावर कॅमेरा कुठे ठेवायचा? माझ्या मते खरी कसोटी तिथे लागते.

घुंगुरमाळ
कॅमेऱ्याबद्दल सहमत, पण आवाजाला विसरू नका. ज्यूल्स दासँचा 'रिफिफी' (१९५५) पाहा. जवाहिऱ्याकडची चोरी जवळपास अर्धा तास चालते. एकही संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. वरच्या मजल्यावरून छताला भोक पाडतात, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे पडणारा चुरा छत्रीत जमावा. संगीत असतं तर ते खडे पडल्याचं आपण ऐकलंही नसतं. मी तो भाग पाहताना खुर्चीसुद्धा हलवत नाही.

कात्री
छत्रीची आठवण काढलीत, फार बरं वाटलं. त्याला जोड म्हणून हिचकॉकचाच 'द बर्ड्स' (१९६३). त्यातही रूढ पार्श्वसंगीत नाही. नायिका मेलनी शाळेबाहेर बाकावर सिगरेट ओढत बसली आहे, आतून मुलांचं गाणं येतंय, आणि तिच्या पाठीमागच्या खेळाच्या सांगाड्यावर कावळे येऊन बसतायत. आधी एक, मग आणखी काही. मग कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो आणि बराच वेळ हलतच नाही. मागे किती जमले असतील? ती एका उडत्या कावळ्यामागे नजर फिरवते, तो सांगाड्यावर उतरतो, तेव्हा कळतं की सांगाडा काळाभोर झालाय. कावळे जमताना दाखवलेच नाहीत, जमायला वेळ तेवढा दिला. ते गाणंही कडव्यामागून कडवं चालूच राहतं. ते संपलं की मुलं बाहेर येणार, म्हणून ते संपूच नये, असं मला दरवेळी वाटतं.

रातवा
आत्ताच 'रोप'चा तो भाग आवाज बंद करून पाहिला. टेबलक्लॉथ निघाल्यावर पेटीवर काहीच उरत नाही ना, तिथे मी थांबवला. पुस्तकांच्या फेऱ्या सुरू झाल्या की आवाज लावून पुन्हा पाहते. 'रिफिफी' उद्या रात्री.