मदत हवी आहे: गोळ्या चालू असूनही आंबट पाणी घशाशी येतं
आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांपैकी पॅन्टोप्राझोल झालं, एसोमेप्राझोल झालं, मग डोस वाढवून सकाळ-संध्याकाळ. तरी फरक नाही. गोळी जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटीच घेतो, त्यामुळे कृपया तो सल्ला नको! पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली आहे, डाव्या कुशीवर झोपतो. छातीतली जळजळ जरा कमी आहे, पण बुटाची नाडी बांधायला वाकलो की खाल्लेलं थेट घशात. सकाळी आवाज बसलेला असतो.

एन्डोस्कोपी नॉर्मल आली. पण तेवढ्यावरून रिफ्लक्स (पोटातलं उलट अन्ननलिकेत येणं) नाहीच असं म्हणता येत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. आता त्यांनी २४ तासांची पीएच-इम्पिडन्स तपासणी सुचवली आहे. नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत घालतात आणि ती तशीच ठेवून जेवायचं, झोपायचं. वर येतं ते आम्ल आहे, आम्ल नसलेलं काही आहे, की फारसं काही येतच नसून अन्ननलिकाच हळवी झाली आहे, हे त्यातून कळतं. सोबत मॅनोमेट्रीही (अन्ननलिकेच्या स्नायूंचा दाब मोजणारी तपासणी) आहे.

ज्यांची ही तपासणी झाली आहे त्यांनी सांगा: नळी घशाला कितपत टोचते? गोळ्या बंद ठेवून केली की चालू ठेवून? मला दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली. शिवाय फंडोप्लिकेशनचं ऑपरेशन (जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळतात ते) कोणाचं झालंय का? नंतर ढेकर येते का, गिळताना अडकतं का? घरगुती उपाय सगळे करून झालेत, तेवढे सोडून काहीही चालेल.