सहावी ते आठवीची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचती राहावीत म्हणून काय करता?

खडूफळा
जिल्हा परिषदेची शाळा, सहावी ते आठवी मिळून ४६ मुलं. कपाटात साडेतीनशेच्या आसपास पुस्तकं, निम्मी थोरांची चरित्रं. मे महिन्यात सुट्टी लागली की कपाटाला कुलूप. 'पाच पुस्तकं वाचा, सारांश लिहा' असा सुट्टीचा अभ्यास दिला जातो आणि जूनमध्ये दहा-बारा वह्यांत एकच सारांश, चुकांसकट, उतरवलेला मिळतो. गावात वाचनालय नाही, तालुक्याचं ११ किलोमीटरवर. बरीच मुलं मामाच्या गावी जातात. पुस्तकं घरी द्यावीत तर हरवायची भीती. नेमकं काय करावं?

दाखल_नोंदवही
सर, आधी सारांश रद्द करा. पुस्तक संपलं की लिहायला बसावं लागणार हे कळलं की मूल सगळ्यात पातळ पुस्तक उचलतं, नाहीतर उचलतच नाही. 'जास्त वाचेल त्याला बक्षीस' याचंही तेच होतं.

पुस्तकनिवड सुट्टीच्या आठवडाभर आधी, शाळेतच उरका. कपाटासमोर रांग लावू नका, तिथे फक्त पुस्तकांच्या पाठी दिसतात. बाकांवर १२०-१५० पुस्तकं मुखपृष्ठ वर करून मांडा आणि एका वेळी १०-१२ मुलं सोडा. खाकी कव्हरं घातली असतील तर काढून टाका, संरक्षण हवं तर पारदर्शक प्लास्टिक लावा. मुलाने मधलं एखादं पान उघडून हळू आवाजात वाचायचं. एका पानात पाच शब्द अडले तर पुस्तक परत ठेवायचं, तीनपर्यंत चालतील. ही चाचणी मुलालाच करू द्या, तुम्ही शेजारी उभे राहिलात तर ते अडलेला शब्दही गिळून पुढे जाईल.

इथे खरी अडचण अशी की सातवीतली काही मुलं जोडाक्षरांवर अजून अडखळतात. त्यांना मोठ्या टायपाची, २४ ते ४८ पानांची पुस्तकं लागतात, पण ती 'बालवाडीची' दिसली तर चारचौघांत कोणी हात लावत नाही. म्हणून साप, भुतं, क्रिकेट, कोडी, विज्ञानाचे प्रयोग अशा विषयांची पातळ पुस्तकं जाड पुस्तकांत मिसळून मांडा. इयत्तेप्रमाणे ढीग अजिबात करू नका. चरित्रं चार-पाच पुरेत, बाकीची कपाटातच राहू देत.

प्रत्येकी तीन पुस्तकं द्या: दोन मुलाच्या पसंतीची, एक तुमच्या. पसंतीचं पुस्तक 'हे तुझ्या वयाचं नाही' म्हणून काढून घेतलंत तर पुढचं सगळं व्यर्थ.

सुट्टीतला_गठ्ठा
वरच्या प्रतिसादाला जोडून, कारण तीन पुस्तकं दहा दिवसांत संपतात आणि गाडी तिथेच अडते. वाडी-वस्तीनुसार देवघेवीची ठिकाणं करा. ४६ मुलांना चार ठिकाणं पुष्कळ झाली. प्रत्येक ठिकाणी कापडी पिशवीत १५ पुस्तकं आणि एक वही. घर असं निवडा जिथे दुपारी कोणीतरी असतं. रविवारी सकाळी तासभर अदलाबदल, सांभाळायला सातवीची दोन मुलं. आठवीची नकोत, तुमची शाळा आठवीपर्यंतच असेल तर ती जूनमध्ये दाखला घेऊन दुसरीकडे जातील. त्यांचं धाकटं भावंड शाळेत असेल तर पुस्तकं त्याच्या नावावर द्या.

दाखल नोंदवही, म्हणजे शाळेच्या सगळ्या पुस्तकांची अधिकृत नोंद असलेली वही, शाळेबाहेर काढू नका. वेगळ्या वहीत पाचच रकाने आखा: दाखल क्रमांक, पुस्तक, मुलाचं नाव, नेलं, आणलं. पुस्तकात जाड कागदाची पट्टी घालून द्या. वरच्या बाजूला 'कुठवर आलो', खाली 'हे पुस्तक कोणाला द्यावं?' एवढंच. खालच्या ओळीत मुलं मित्राचं नाव लिहितात आणि तो मित्र पुढच्या रविवारी तेच पुस्तक मागतो.

हरवण्याबद्दल: काही पुस्तकं जाणारच. मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे हरवलेल्या-फाटलेल्या पुस्तकांचं निर्लेखन (नोंदवहीतून कमी करणं) रीतसर करता येईल. मुलाकडून भरपाई मागू नका, पुढच्या वर्षी घरचेच पुस्तक नेऊ देणार नाहीत. परतीची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली ठेवा. हरवण्यापेक्षा जास्त पुस्तकं पहिल्या पावसात भिजून जातात. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तिथे हे आणखी महत्त्वाचं.

खडूफळा
मामाच्या गावी जाणाऱ्यांचं काय? आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकल्या तर चालेल का?

दाखल_नोंदवही
त्यांच्यासाठी जुनी मासिकं उत्तम. अंक गेला तरी हळहळ नाही आणि गोष्ट, कोडं, चित्र असं काहीही कुठूनही उघडून वाचता येतं. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं, जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. पण अख्खा अंक ग्रुपवर टाकू नका. फाइल जड, फोन वडिलांचा, तो हाती येतो रात्री नऊनंतर, आणि मग वाचन कोण करणार?

त्यापेक्षा छापा. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या 'स्टोरीवीव्हर' संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत, छापून वाटायची मुभा आहे. प्रिंटरच्या 'बुकलेट' पर्यायाने ए-फोर कागदावर चार पानं बसतात, म्हणजे १६ पानांच्या गोष्टीला चार कागद. पानसंख्येला चारने भाग जात नसेल तर शेवटी कोरी पानं येतात, त्यावर मुलं चित्रं काढतील. साधा स्टेपलर मध्यापर्यंत पोचत नाही. घडीवर तीन भोकं पाडून दाभणाने दोरा ओवा. आधी एकच प्रत काढून अक्षर बघा, निम्म्या आकारात काही गोष्टींचा टाइप वाचण्यापलीकडे बारीक होतो.

सुट्टीतला_गठ्ठा
व्हॉट्सॲप वापरायचंच तर आवाजासाठी वापरा. पिशवीतल्या एखाद्या पुस्तकाची पहिली चार-पाच मिनिटं वाचून टाका आणि ऐन उत्कंठेच्या जागी थांबा. 'पुस्तक अमक्या वस्तीच्या पिशवीत आहे' एवढं सांगा. आठवड्याला एकच, शनिवारी संध्याकाळी, म्हणजे रविवारच्या अदलाबदलीला गिऱ्हाईक तयार असतं. मात्र त्याच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर बरं, नाहीतर भांडणं सोडवायला तुम्हालाच जावं लागेल.