अनुभव धागा: तुमचे मच्छिंद्र कांबळी

आचऱ्याची लेक

पावसाच्या आधी माळा साफ करायला घेतला तर पत्र्याच्या ट्रंकेत बाबांच्या कॅसेटी सापडल्या. बऱ्याचशा डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या, आणि एकावर बाबांच्या अक्षरात फक्त "वस्त्रहरण". टेप बाहेर येऊन गुंता झालेला. अर्धा तास पेन्सिल घालून फिरवत बसले आणि मग वाटलं की धागाच काढावा. "वस्त्रहरण" हे मालवणी नाटक गाजवणाऱ्या मच्छिंद्र कांबळींना तुम्ही कुठे पाह्यलंत, कुणाबरोबर पाह्यलंत, नाटकातलं काय आठवतं यापेक्षा त्या रात्रीचं काय आठवतं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्या शाळेत एक मास्तर होते, वर्गात "माका" म्हटलं की हातावर छडी, "मला" म्हणायचं. तिसरीत एकदा पोटात दुखत होतं आणि घाबरून मी बोललेच नाही, कारण दुखतं ते मालवणीत दुखतं ना, शुद्ध कसं सांगायचं सुचेना. पुढे मालवणात प्रयोग लागला तेव्हा बाबा आम्हाला घेऊन गेले. दोन रांगा पुढे तेच मास्तर सहकुटुंब. आणि ते तात्या सरपंचाच्या, म्हणजे कांबळींच्या, एकेका वाक्याला मांडीवर थापा मारून असे हसत होते की शेवटी त्यांच्या बायकोनं हात धरला. मी नाटक कमी आणि मास्तरच जास्त पाह्यले त्या रात्री. दुसऱ्या दिवशी शाळेत छडी होतीच, पण मला कसली भीती वाटली नाही.

लालबागवाला

आमच्या गावकीच्या खोलीत बत्तीस माणसं राहायची. सगळे गिरणीत, त्यामुळे पाळीप्रमाणे वळकट्या, रात्रपाळीवाला उठला की पहिल्या पाळीवाला त्याच जागी आडवा. 82 च्या संपात अर्धे गावाला गेले ते परत आलेच नाहीत. उरलेल्यांनी काही वर्षांनी ठरवलं की गावच्या देवळाची कौलं बदलायची, वासे कुजलेत. पैसे कुठले आणणार? तर म्हणे वस्त्रहरणाचा प्रयोग घ्यायचा.

आता नवीन मुलांना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. प्रयोग घ्यायचा म्हणजे नाटक कंपनीला ठरलेली रक्कम द्यायची, थेटरचं भाडं वेगळं, आणि तिकिटं आपली आपण खपवायची, वर उरलं तर गावाचं, खाली आलं तर कमिटीच्या डोक्यावर. मुंबईतल्या किती कोकणी मंडळांनी असे प्रयोग घेतले असतील त्याची गणती नाही. देवळं, शाळेच्या खोल्या, विहिरी, स्मशानाची शेड, काय काय झालंय त्या नाटकावर. 5000 च्या वर प्रयोग झाले म्हणतात तेव्हा लोकांना आकडा मोठा वाटतो, मला त्यातले निम्मेअधिक असेच कौलांचे नि वाशांचे दिसतात.

आम्ही दामोदर हॉल घेतला. महिनाभर ड्युटी सुटली की चार्ट काखेत मारून डोंबिवली, नालासोपारा, भांडुप, जिथे गाववाला तिथे. लोक चहा पाजायचे, तिकीट घ्यायचे नाहीत, "बगूया, आयतवारी ये" म्हणायचे. मागचे बाल्कनीचे तिकीट पटापट जायचे आणि पुढच्या महागड्या चार रांगा तशाच. प्रयोगाच्या दिवशी दुपारपर्यंत साठेक खुर्च्या शिल्लक, मी तर हिशेब करून ठेवलेला की माझ्या वाट्याला किती येतील. आणि संध्याकाळी खिडकीवर रांग! गाववाले नव्हेतच ते, बाहेरचेच लोक, घाटावरचे, एक गुजराती कुटुंबसुद्धा. सगळं गेलं. मी बाहेर टेबलावरच बसलो, पैसे मोजत, आतून हशा येत होता, भिंत थरथरल्यासारखी. नाटक मी त्या दिवशी पाह्यलंच नाही. कौलं मात्र पाह्यली, अजून आहेत.

वेंगुर्ला बंदर

लालबागवाले काका, मस्त.

आमच्याकडे 16 फेब्रुवारी 1980 ची आठवण ग्रहणाची आहे. खग्रास खाली अंकोल्याकडे होतं, आमच्याकडे थोडक्यात हुकलं तरी दुपारी तिन्हीसांज झाल्यासारखी, कोंबडी खुराड्यात गेली, आजीनं पाण्यात तुळशीची पानं टाकून ठेवलेली. खूप नंतर कळलं की वस्त्रहरणाचा पहिला व्यावसायिक प्रयोग त्याच दिवसाचा. ग्रहणात कोण घराबाहेर पडणार! सुरुवातीला गर्दी नव्हतीच त्या नाटकाला, पुढे पुलंनी पाहून पत्र लिहिलं, ते जाहिरातीत छापलं आणि मग चित्र पालटलं, हे सगळ्यांना माहीतच असेल.

मी सांगतोय ती गोष्ट नंतरची. उघड्या मैदानात प्रयोग, कनाती बांधलेल्या, पुढे लोखंडी खुर्च्या, मागे बाकडी, त्याच्यामागे गोणपाट. मी मंडपवाल्याच्या हाताखाली पोरगा होतो. दुसऱ्या अंकात जनरेटर बंद पडला. मिट्ट काळोख, माईक गेला. आणि गंमत बघा, एक माणूस उठला नाही. कारण नाटकच मुळात असं की गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ बसवतायत आणि त्यात एकेक फजिती होतेय, त्यामुळे लोकांना वाटलं लाइट जाणं पण नाटकातलंच! काळोखात तात्या बोलतायत, लोक हसतायत, आम्ही मागे जनरेटरचं हँडल मारून घामाघूम. पेट्रोमॅक्स आणून विंगेत टांगला तर टाळ्या पडल्या, म्हणजे आमच्या एन्ट्रीला टाळ्या. आयुष्यात तेवढ्याच मिळाल्या.

रत्नांग्री मेड

धागा छान आहे पण एक बोलू का, कोकण म्हटलं की तुम्ही लोक मालवणच धरता. आमच्याकडे संगमेश्वरी बोलतात, आम्हाला पण वस्त्रहरण बघताना चार शब्द शेजाऱ्याला विचारावे लागले. आमच्या चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर कुणाला आठवत नाहीत का? नाटक पण आणि सिनेमा पण. हळदीला अजून गोमू वाजतंच की.

आचऱ्याची लेक

आठवतात की! वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. कांबळींनी सिनेमात कामं केली पण माणूस नाटकाचाच. नाटक कंपनीला नाव दिलं ते पण त्यांच्या गावच्या, रेवंडीच्या भद्रकालीचं.

कुडाळी कडू

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी जरा वाकडं लिहितो, राग मानू नका.

मी कॉलेजला पुण्यात होतो. पहिल्याच दिवशी गाव विचारलं, कुडाळ सांगितलं, तर लगेच "तात्या बोलून दाखव". चार वर्षं तेच. माझे वडील गेले तेव्हा हॉस्टेलवर फोन आला, मी घरच्यांशी बोलत होतो, साहजिकच मालवणीतून, आणि शेजारचा मुलगा हसत होता. त्याला माहीत नव्हतं काय चाललंय. पण त्याला ती भाषा ऐकली की हसायचं असतं एवढंच माहीत होतं. हे कुणी शिकवलं? आमची बोली सगळ्या महाराष्ट्रात नेली म्हणता, खरंय, पण विनोदाची म्हणूनच नेली ना. आमच्याकडे माणसं रडतात पण मालवणीतच.

कांबळींचा दोष आहे असं म्हणत नाही. माणूस ग्रेटच, टायमिंग तर काय सांगावं. पण मला ते नाटक दुसऱ्यांदा बघवलं नाही.

दहिकाल्याचो पिसो

कडू, तुझं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. पण एक मुद्दा आहे, मी दशावतार लहानपणापासून बघतोय, कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की घरात नसतोच, तर तिथलं बघ. दशावतारात लिखित संहिता नाही. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं, पेटी-पखवाज-झांज आणि एक बाकडं, बास, बाकी सगळं उभ्याउभ्या बोलायचं. आणि राजा कधी मालवणी बोलत नाही. राजा, देव, ऋषी सगळे शुद्ध, संस्कृत पेरलेलं, छातीतून. मालवणी कोण बोलतो तर संकासुर राक्षस, नाहीतर हसवणारा. म्हणजे बोलीला खालची जागा आम्हीच दिली होती रे, पुण्यानं नव्हे, आणि कितीतरी वर्षं आधी.

वस्त्रहरणातली खरी गंमत इथंच आहे. नाटक लिहिणारे गवाणकर मूळचे राजापूरकडचे, त्यांनी हेच पकडलं. रंगमंचावर दुर्योधन वगैरे मंडळी शुद्ध बोलायचा प्रयत्न करतायत आणि आतला गावकार बाहेर येतोय. आणि सरपंच, जो सगळा खेळ चालवतो, तो मालवणीच बोलतो. म्हणजे सूत्रधार मालवणी झाला. ही छोटी गोष्ट नाही. आणि कांबळी ते ज्या पद्धतीनं करायचे ते सरळ दशावतारी होतं, त्या दिवशीच्या गावातलं, पेपरातलं काहीतरी उचलून तिथल्या तिथे घालायचे, त्यामुळे लोक तेच नाटक चार-चारदा बघायचे. लंडनला जाऊन आलं ते नाटक, तिकडे काय घातलं असेल देव जाणे.

हसणं वाईट की चांगलं ते मला ठरवता येत नाही. तुझ्या हॉस्टेलातल्या त्या पोराच्या मात्र कानाखाली वाजवली पाहिजे होती.

कुडाळी कडू

वाजवली होती. नंतर.

देवगडची सून (माहेर अकोला)

माझा अनुभव वेगळाच. लग्न होऊन आले तेव्हा घरातलं एक वाक्य कळत नव्हतं. सासूबाई "खय गेल्लंस?" विचारायच्या आणि मी नुसती मान हलवायची, त्यांना वाटायचं सून ठार बहिरी आहे. मग नवऱ्यानं वस्त्रहरणची व्हीसीडी आणली, म्हणाला ही तुझी शिकवणी. रोज दुपारी जेवणं झाली की अर्धा तास. मागे घे, पुढे घे, सासूबाई शेजारी बसून अर्थ सांगायच्या, काही शब्दांचा सांगायच्या नाहीत, "ता तुका नको" म्हणायच्या. मग मला तेच शब्द पाठ झाले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. गणपतीत मुंबईहून सगळे आलेले, आरती संपली, मोठे काका पाच मिनिटं झाली तरी ताट सोडेनात, आणि मी कौतुकानं, अगदी तात्यांच्या सुरात, एक वाक्य टाकलं. भयाण शांतता. निरांजनाची वात चरचरलेली ऐकू आली. मग काकाच आधी हसायला लागले. त्यानंतर वीस वर्षं झाली, दर गणपतीत ते माझ्याकडून ते वाक्य म्हणून घेतात आणि सासूबाई दरवेळी पदर तोंडाला लावतात. इथे लिहिणार नाही, विचारू नका.

मालवण बाजारपेठ

मी 30 सप्टेंबर 2007 चं लिहितो. रविवार होता. गणपती होऊन चाकरमानी परत गेलेले, आमच्याकडे आजोबांचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. वडे तळून झाले होते, खीर झाली होती, पानं मांडली होती, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर खालून पट्टी गेली की मच्छिंद्र कांबळी गेले. वय साठ फक्त. तेव्हा नाट्य परिषदेचे अध्यक्ष होते ना ते.

पप्पा कधी कुठल्या नटाबद्दल बोललेले मला आठवत नाही. रेवंडी आमच्या नजरेसमोर, कोळंबची खाडी ओलांडली की आलं, त्यामुळे कांबळी म्हणजे त्यांच्या लेखी पलीकडल्या वाडीचो झील, मोठा झाला, बरं झालं, एवढंच. पट्टी दोनदा वाचली, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "म्हाळाक बोलवल्यासारखो गेलो." आणि कावळ्याला पान ठेवायला परसात गेले. बराच वेळ आले नाहीत. आईनं मला बघायला पाठवलं तर ते माडाखाली उभे होते आणि खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. जवळ गेलो तर एकटेच हसत होते, आणि डोळे पुसत होते, आणि परत हसत होते. कुठला प्रसंग आठवला विचारलं तर सांगता येईना त्यांना.

कावळा आला होता तोवर, वडा घेऊन गेला पण.

ठाणे व्हाया कणकवली

वाचनमात्र होतो. लेकीच्या शाळेत यंदा स्नेहसंमेलनात बोलीभाषेचा कार्यक्रम होता, बाईंनी विचारलं कुणाला कुठली बोली येते, तर ही हात वर करून आली. मी आणि बायको घरात मराठीच बोलतो, म्हणजे तुमचं ते शुद्ध. मुद्दाम नाही, सवय गेली. आता रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आजीकडून धडे. काल मला म्हणाली, "बाबा, तुका मालवणी धड येणा नाय." अपमान झाला पण काय उत्तर देणार, खरंच आहे.

संतोष मयेकरांचा तात्या बघितलाय मी, तोही मजा आणायचा. पण पप्पा म्हणायचे मूळ ते मूळ.

आचऱ्याची लेक

किती लिहिलंत सगळ्यांनी. कडू, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला, ती म्हणाली त्या झिलाक घरी जेवाक बोलव. खरंच या.

टेप गुंडाळून झाली एकदाची, एका जागी चुरगळलीय पण तुटलेली नाही. आता प्रश्न असा की वाजवायची कशावर? कणकवलीत दोन दुकानं पालथी घातली, एकानं तर कॅसेट हातात घेऊन फोटो काढला. कुणाकडे चालू टेपरेकॉर्डर आहे का?

वेंगुर्ला बंदर

माझ्याकडे आसा. पण त्याका दार नाय, कॅसेट बोटान दाबून धरूक लागता.

लालबागवाला

घेऊन ये. आळीपाळीनं दाबूया, मी रात्रपाळी घेतो.