मदत हवी आहे: विषाणू एकच, पेशी एकाच फ्लास्कमधल्या, मग निम्म्या अंधारात का?

केतकीचं_पान
सोमवारी लॅब मीटिंग आहे, कृपया लवकर सांगा. पेशींना फ्लूचा पीआर८ विषाणू दिला, त्याच्या एनपी प्रथिनाला चिकटणारी चमकती अँटिबॉडी लावून फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) बघितलं. तीनदा केलं. दरवेळी निम्म्याहून कमी पेशी पॉझिटिव्ह. त्यातही काही मिणमिणत्या, काही शेकडो पटींनी झगझगीत. गाईड म्हणतात तुझ्या पिपेटिंगमध्ये खोट आहे. काय चुकतंय?

गवती_चहा
पेशी कोणत्या? एमओआय, म्हणजे पेशीमागे विषाणू किती? किती तासांनी काढल्या? ट्रिप्सिन (नव्या विषाणूंना पुढे पसरू देणारं एन्झाइम) होतं? ज्योतिषाचा धागा शेजारी आहे.

केतकीचं_पान
ए५४९, माणसाच्या फुप्फुसातल्या, अजून कुठल्या! एमओआय १, ८ तास, ट्रिप्सिन नाही. पेशीमागे एक विषाणू, म्हणजे सगळ्याच पॉझिटिव्ह यायला हव्यात ना?

निवृत्त_मास्तर
घोळ इथेच आहे. शंभर पोरांत शंभर चिंचा उधळल्या तर प्रत्येकाच्या हाती एकेकच येते का? पॉइसाँच्या संभाव्यतेच्या हिशेबाने ३७% पेशींना काहीच मिळत नाही, ३७%ना एक, बाकी २६%ना दोन किंवा जास्त. शिवाय टायटर, म्हणजे लागण करणारे विषाणू किती हा आकडा, बहुधा एमडीसीकेवर (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर) काढलं असणार. ए५४९वर तोच आकडा लागू होईलच असं नाही.

अण्णा_अँटिबॉडी
गणित ठेवा बाजूला. अँटिबॉडी बदला. एनपी पेशीच्या आत असतं, फिक्स केल्यावर पेशींना भोकं पाडली होती का?

केतकीचं_पान
पाडली. ते कोण विसरतं?

अण्णा_अँटिबॉडी
मी. दोन महिने.

माजघर
मला लॅबमधलं कळत नाही, पण आमच्याकडे सगळे आडवे झाले आणि सासूबाई ठणठणीत. त्या रोज गवती चहा आणि सुंठ घेतात. (आयडीशी संबंध नाही.)

गवती_चहा
:) केतकी, चिंचांनी अर्धंच कोडं सुटतं. मिणमिणत्या पेशींचं काय? सिअ‍ॅटलच्या एका गटाने २०१८ साली ए५४९ पेशींतलाच एमआरएनए (जनुकांचा निरोप नेणारा रेणू) एकेक पेशी सुटी करून मोजला. बऱ्याच बाधित पेशींत विषाणूचा वाटा १%हून कमी, आणि मोजक्या पेशींत निम्म्याहून जास्त! फ्लूचा जीनोम आठ तुकड्यांत असतो. एखादा तुकडा पोचला नाही किंवा चालला नाही, तर पुढचं अडतं. एनपी किंवा पॉलिमरेजचे (प्रती काढणाऱ्या एन्झाइमचे) तीन भाग यांतलं एक जरी नसलं, तरी प्रती निघत नाहीत. म्हणजे तुझी 'निगेटिव्ह' पेशी कोरी असेलच असं नाही.

अण्णा_अँटिबॉडी
म्हणजे सगळा दोष तुकड्यांचा? सोयीचं आहे.

गवती_चहा
सगळा नाही म्हटलं कुठे? त्याच कामात दिसलं की तुकडा नसण्याने फरकाचा काहीच भाग समजतो. आठही जनुकं चालू असलेल्या पेशींतही तफावत राहतेच. केतकी, एनपीबरोबर एचएची (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाची) अँटिबॉडी दुसऱ्या रंगात लाव. एक आहे, दुसरं नाही अशा पेशी दिसतील, मग गाईडना तोच प्लॉट दाखव. आणि विषाणू ४ अंशांवर चिकटू दे, धुऊन मगच ३७वर ने. निदान सुरुवात एका वेळी होईल.

निवृत्त_मास्तर
स्टॉक, म्हणजे विषाणूचा साठा, कसा वाढवलाय, हे अजून कोणी विचारलंच नाही.

केतकीचं_पान
सिनियरने दिलाय. भरपूर यावा म्हणून पातळ न करता तीन पॅसेज (नव्या पेशींत वाढवण्याच्या फेऱ्या) केलेत म्हणे. त्याने काय होतं?

निवृत्त_मास्तर
अगं, हे आधी सांगायचं! पातळ न करता वाढवला की एका पेशीत कितीतरी विषाणू घुसतात. मग मधला भाग गळालेले आखूड तुकडेही धडक्या भावंडांच्या जिवावर वाढतात, आणि पुढच्या पॅसेजला त्यांचीच खोगीरभरती. फॉन मॅग्नस यांनी अंड्यांत हे १९५०च्या दशकातच दाखवलं होतं. तफावत निरोगी स्टॉकमध्येही असतेच, तुमच्या सिनियरने तिला खतपाणी घातलंय.

माजघर
मग सासूबाईंच्या पेशींत आखूड तुकडे गेले असतील का?

निवृत्त_मास्तर
ताई, तो प्रश्न माणसामाणसांतल्या फरकाचा. आधीची प्रतिकारशक्ती, किती विषाणू गेला, बरंच काही येतं त्यात. वेगळा धागा काढा.

केतकीचं_पान
फ्रीझरमध्ये पॅसेज १ची एकच कुपी सापडली. एमओआय ०.०१ने नवा स्टॉक लावतेय, सोमवारपर्यंत होणार नाही. सोमवारी चिंचांचं उदाहरण देते.

अण्णा_अँटिबॉडी
मायकोप्लाझ्मा (पेशींच्या फ्लास्कमध्ये लपून वाढणारे जिवाणू) तपासलंस का?