बोराएवढ्या गोळीत औषध किती?

रामबागवाला: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे भांग म्हणजे आपली विजया, कर्करोग मुळासकट घालवते, इंग्रजांनी जळून बंदी घातली. अहो, इंग्रजांनी भांग-गांजावर कर खाल्ला! 1893-94 च्या त्यांच्याच आयोगाने सरसकट बंदी नको म्हटलं. गांजा बंद केला आपल्याच 1985 च्या कायद्याने. त्याच झाडाची नुसती पानं, म्हणजे भांग, त्यातून सुटली, म्हणून भांगेचा ठेका, म्हणजे परवान्याचं दुकान, उघडा आहे. केमोच्या उलट्या, मुलांच्या काही दुर्मीळ फिट्स, इथे या झाडातल्या घटकांचा उपयोग दिसलाय. कर्करोग बरा होतो म्हणून कुणाची केमो सोडवू नका.

खंडवेकर: केमो कुणी सोडली? आईला पाण्याचा घोट टिकत नव्हता. अमेरिकेत टीएचसीची, म्हणजे भांगेतल्या नशा आणणाऱ्या घटकाची, गोळी केमोच्या उलट्यांसाठी 1985 मध्येच मंजूर झाली, आपण त्याच वर्षी दार लावलं. मग मी ठेक्यावर गेलो. लाज नाही वाटत सांगायला.

सुदामानगर: पुढे काय झालं तेही सांगा की!

खंडवेकर: बोराएवढी हिरवी गोळी, कागदात गुंडाळलेली. पाऊण तास काहीच नाही, म्हणून मावशीने आणखी अर्धी दिली. मग रात्री दीडपर्यंत आई पलंगाची पाटी धरून, "मला कोण उचलतंय रे?" पण उलट्या थांबल्या. लिहून ठेवा.

रामबागवाला: हेच म्हणतोय! पोटातून घेतली की चढायला कधी दोन-दोन तास. त्या गोळीत टीएचसी किती, ठेकेवाला सांगेल?

सुदामानगर: गोळी निदान मागून घेतली. रंगपंचमीला गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, बघायला आलेल्या आमच्या जावयांना कुणी न सांगता ठंडाईतून पाजली. शुगरचा माणूस! तीन तास जिन्यात बसून चपला मोजत होते.

खंडवेकर: झालं, आता सणावर घसरा. गेरीत सगळेच पाजतात का?

सुदामानगर: सगळे नाही, तुमच्यासारखे हौशी पाजतात.

खंडवेकर: तोंड सांभाळा भिया. आईचं सांगतोय, हौस कसली?

सुदामानगर: आईबद्दल नव्हतं ते, मागे घेतो. पण न सांगता पाजणं हा गुन्हाच. जावई पाच वर्षं झाली, होळीला इंदूरचं नाव काढत नाहीत.

रामबागवाला: जावयांना चहा पाजा आणि धाग्यावर या. कायद्यात औषध आणि संशोधनासाठी वाट आहे. जम्मूच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या संस्थेत परवानगीने लागवड करून काम चालू आहे.

खंडवेकर: जम्मूत! आईची केमो इंदुरात होती. बरं, मोजून दिलेली गोळी डॉक्टरने लिहिली असती तर ठेक्याची पायरी चढलो नसतो. एवढं तुमचं खरं. खूश?