एकटी माणसं वाढली म्हणून शेती बदलली, की शेती बदलली म्हणून माणसं एकटी राहू लागली?

मनीषनगर
आमच्या नात्यागोत्यात हल्ली एक तक्रार सारखी कानावर येते. पोरंपोरी लग्न करत नाहीत, नागपुरात एकेकटे फ्लॅट घेऊन राहतात, म्हणून गावाकडची वावरं ठेक्यानं जातात. मी एकटी राहते, लग्न करायचं नाही हे ठरवून. काटोल तालुक्यात वडिलांच्या माघारी माझ्या नावावर वावर आहे, ते ठेक्यानं दिलेलं आहे. म्हणून हा आरोप मला थेट लागू होतो, आणि तो मला मान्य नाही. आधी शेतीनं माणसं मोकळी केली, मग ती एकटी राहायला लागली.

ज्वारीचं पाहा. निंदण, डवरण (बैलाच्या डवऱ्यानं ओळींमधलं तण काढणं), पाखरं हाकणं, कापणी, खुडणी, खळं. दाणा भरला की म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं गोफण घेऊन माळ्यावर. ज्वारीचा कडबा होता म्हणून बैल, बैल होते म्हणून डवरा आणि शेणखत, आणि एवढं सगळं ओढायला पाडव्याला साल ठरवलेला गडी. घर मोठं ठेवावंच लागे, पिकालाच तेवढे हात लागत. मग सोयाबीन आलं. पेरणी ट्रॅक्टरनं, निंदणाच्या जागी तणनाशक, शंभरेक दिवसांत पीक हाती, मळणी भाड्याच्या यंत्रावर. कडबा गेला, ढोरं गेली, कोठे रिकामे झाले, सालगडीही गेला. त्यात देशातलं सरासरी जमीनधारण 1970-71 मध्ये 2.28 हेक्टर होतं, ते 2015-16 च्या कृषिगणनेत 1.08 वर आलं. एवढ्याशा तुकड्यावर चार भावांचे संसार चालणार कसे? माणसं नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा, मिहानच्या कारखान्यांच्या वाटेला लागली. त्यातली काही एकटी राहिली, तर वावर ओस पाडल्याचा ठपका त्यांच्यावर का?

वरूडची_बाग
ताई, सोयाबीनपुरतं तुमचं बरोबर आहे. संत्र्याला ते लागू होत नाही, आणि तुमचा काटोल तालुका संत्र्याचा आहे.

कलम लावलं की फळाला पाच-सहा वर्षं. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारं फूल, घ्यायचा तर हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. किती दिवस, ते जमिनीवर. हलक्या जमिनीत झाड लवकर मलूल होतं, भारी काळीत वेळ लागतो. रोज सकाळी बागेत फिरून पान पाहावं लागतं. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाडच खचतं. डिंक्या रोग येऊ नये म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची. खोडातून डिंक गळताना दिसला की त्याच दिवशी साल खरवडायची, आठ दिवस थांबता येत नाही. वर्षाच्या ठेक्यावर आलेला माणूस दुसऱ्याच्या झाडासाठी हे का करील? त्यानं आजचं फळ पाहिलं तर त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून म्हणतो, घर लागतं. मागे कोणी नाही असं वाटलं की माणूस नवं कलम लावत नाही, जुनी बाग वाळली की तोडून सोयाबीन पेरतो. आमच्या शिवारात हे डोळ्यांदेखत चाललंय. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बागाच राहिल्या नाहीत तर ते कशाला लावायचं?

मनीषनगर
काका, बागेला रोज पाहणारा माणूस हवा हे खरं. तो घरातलाच का हवा, हे कळलं नाही. लग्न झालेले, दोन मुलं असलेले माझे चुलतभाऊ पुण्यात आहेत. त्यांची बागही ठेक्यानंच आहे.

धुऱ्यावरचा
तुम्ही दोघंही मोठ्या गोष्टी करून राहिले. एकटं राहणं म्हणजे काय ते मला विचारा. मी पस्तिशीचा, उमरेडकडं वावर करतो, घरात मी आणि म्हातारी माय. लग्न करायचं नाही असं मी कधी ठरवलं नाही. पोरीकडचे शेती ऐकतात अन् उठून जातात. सोलापुरात 2022 च्या डिसेंबरात पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून मोर्चा काढला. लोकांनी त्याचे व्हिडिओ हसत पाह्यले. मला हसू आलं नाही.

रात्रपाळीची लाइन आली की मोटर चालू करायला एकट्यानं जा. डुकरं राखायला जागलीला एकट्यानंच बसा. फवारणी करून चक्कर आली तर पाणी द्यायला धुऱ्यावर कोणी नाही. ताईचा एकटेपणा आणि माझा एकटेपणा एका मापानं मोजू नका. त्यांना कुलूप लावून निघता येते, मले नाही.

हक्कसोड
दादा, तुमचं दुःख खोटं नाही. पण पोरींच्या बाजूनंही कोणी बोला. मी शेतकऱ्याघरची लेक आहे आणि शेतकऱ्याघरची सून होती. कापसाच्या दिवसांत वेचणीच्या बाया किलोच्या भावानं पैसे घेऊन संध्याकाळी घरी जायच्या. मी त्याच सरीत वाकून त्यांच्याइतकाच कापूस वेचायचे, वर सगळ्यांसाठी भाकरी थापायचे, आणि माझ्या हातात रुपया नाही. सातबाऱ्यावर नवरा आणि सासरे. माहेरी वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत भावाइतका हक्क मिळाला, तर भावानं हक्कसोडपत्र, म्हणजे तो हक्क सोडल्याचा कागद, पुढं केलं. सही केली नाही तर माहेर तुटतं. आता मी वेगळी राहते, शिवणकाम करते. ज्या घराशिवाय शेती चालत नाही असं काका म्हणतात, त्या घरातलं फुकटचं काम कोण करत होतं, तेही त्यांनी लिहावं.

वरूडची_बाग
हक्कसोड ताई, आमच्या घरातही बायांच्या कामाचा हिशेब कधी लिहिला गेला नाही. ते चूकच आहे. तरी झाडाची गरज त्यानं बदलत नाही.

ठेकेदार_नव्हे_शेतकरी
मी ठेक्यानं वावर करतो, माझ्या मालकीचं एक एकरही नाही. पेरणी माझी, खर्च माझा. सातबारा मालकाचा, म्हणून पीककर्ज मला मिळत नाही. अतिवृष्टीची मदत आली तर मालकाच्या खात्यात. एक मालक नागपुरात, एक हैदराबादेत. लग्न झालेला कोण अन् बिनलग्नाचा कोण, याचा मला काही फरक पडत नाही. दोघंही कागद करून देत नाहीत. कूळ लागेल, म्हणजे कसणारा कायद्यानं जमिनीवर हक्क सांगेल, म्हणून भितात. दरसाल तोंडी बोलणं, दरसाल नवा भाव.

मनीषनगर
ती भीती मलाही आहे, आणि ती हवेतली नाही. विदर्भासाठीचा 1958 चा कूळ कायदा आमच्या आजोबांच्या पिढीनं पाहिला आहे. पण या कागदावाचूनच सगळं अडलंय असं मी म्हणते. नीती आयोगानं 2016 मध्ये भाडेपट्ट्याच्या कायद्याचा नमुना दिला होता: मालकी मालकाची राहील, आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत मिळेल. आपल्याकडं तसं झालं तर माझ्यासारखी एकटी बाई निर्धास्तपणे वावर देईल आणि तुम्ही निर्धास्तपणे कसाल.

ठेकेदार_नव्हे_शेतकरी
कायदा येईल तेव्हा येईल. येत्या हंगामात तुमच्या ठेकेकऱ्याला काय लिहून देता?

मनीषनगर
नुकसानीची मदत माझ्या खात्यात आली तरी पूर्ण त्याची, हे चिठ्ठीवर लिहून देईन. ठेका मात्र एका वर्षाचाच. त्यापुढचा कागद करायला आज माझी तयारी नाही.

वरूडची_बाग
संत्र्याला पहिलं फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात, ताई. एका वर्षाच्या कागदावर तो तुमच्या वावरात सोयाबीनच पेरणार.