मदत हवी आहे: धावलेलं अंतर नेमकं कसं मोजायचं?

मंडळी, दम वाढतोय की नाही हे बघायला दर महिन्याला कूपर चाचणी करायची ठरवलीय, म्हणजे १२ मिनिटांत किती अंतर कापलं ते मोजायचं. घोडं अडलंय मोजण्यातच. फोनचं जीपीएस दाट झाडीखाली भरकटतं. नकाशावरची रेघ रस्ता सोडून थेट घरांवरून जाते! ट्रॅकवर सगळ्यात आतल्या लेनचा फेरा ४०० मीटर, पण आठव्या लेनमध्ये तोच सुमारे ४५३ भरतो, आणि आतली लेन मोकळी मिळेलच असं नाही.

सायकलच्या चाकाला खूण करून, फेरे मोजत एक रस्ता कायमचा मापून ठेवावा का? हवा कमी-जास्त झाली तर कितपत फरक पडतो? की बुटाला लावायचा सेन्सर बरा? वापरला असेल त्यांनी सांगा. (‘घड्याळ घे’ नको, त्यातही जीपीएसच!)